चाळ, नाका आणि टोळी

टोळी कुठल्या वस्तीत उपजते, याचा नकाशा पहिल्यांदा शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी काढला. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी 1927 साली तिथल्या 1313 टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शॉ आणि मॅके यांनी 1942 मध्ये दाखवले की कारखान्यांलगतच्या वस्तीतले जुने स्थलांतरित जाऊन नवे आले, तरी बालगुन्हेगारी चढीच राहते. म्हणजे दोष रक्तात नाही, वस्तीत आहे. त्याला त्यांनी सामाजिक विघटन म्हटले.

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगारवस्तीत, हे उत्तर अडते. लालबाग-परळच्या चाळी विघटित नव्हत्याच. गावकीच्या खोल्या, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, युनियन. इतकी बांधलेली वस्ती मुंबईत क्वचितच असेल. एका खोलीत आठ-दहा माणसे, त्यामुळे वयात आलेला मुलगा झोपायला गॅलरीत आणि बसायला नाक्यावर. पण बाप किंवा काका मुकादमाकडे शब्द टाकायचा, पोरगा गिरणीत बदलीवर लागायचा आणि पाळीत अडकायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि ही वाट बुजत गेली. टोळ्या आधीही होत्या; संपाने त्यांना जन्म दिला, हे सोपे कथानक मला पटत नाही. नाक्यावरून उठून कामाला लागण्याचे वयच संपाने मुलांकडून काढून घेतले.

शेजार मात्र घट्टच राहिला. मग त्याचा धाक का उरला नाही? सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली शिकागोच्या 343 विभागांतल्या 8782 रहिवाशांच्या मुलाखतींवरून दाखवले की शेजारी दुसऱ्याच्या पोराला टोकतील, असा भरवसा जिथे जास्त, तिथे गरिबी जमेस धरूनही हिंसा कमी. नुसती ओळख पुरत नाही, टोकण्याची तयारी लागते. आणि टोकायला घरात वजन लागते, हे गिरणगाव दाखवते. पोराच्या पैशावर चूल पेटू लागली की पैसा कुठून आला, हे बाप कुठल्या तोंडाने विचारणार? पुढे मंडळाच्या वर्गणीतही तोच पैसा आला आणि खोलीच्या भांडणात पोलिसांऐवजी ‘भाई’ला बोलावणे जाऊ लागले. ओळखीचे जे जाळे पूर्वी गिरणीत चिकटवायचे, तेच आता टोळीपर्यंत पोहोचवत होते.