लाकूड डेपोत पोचलं, पण जंगलात मागे काय राहिलं?

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठीचं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत निघालं, ते आठवत असेल. डेपोत आलेल्या प्रत्येक ओंडक्याला नंबर असतो, लांबी आणि गोलाई मोजलेली असते. जंगलातून बाहेर आलेल्या लाकडाचा हिशेब ठेवण्यात आपलं वनखातं दीडशे वर्षांपासून पक्कं आहे. गोची वेगळीच आहे. कार्बनवर काम करणाऱ्याला जो आकडा हवा असतो, तो नेमका या नोंदींत नसतो.

आधी साधं गणित करू. 1 घनमीटर सागाचं कोरडं वजन साधारण 600 किलो. त्यात 47 टक्के कार्बन धरला तर 280 किलो. त्याला 44 भागिले 12 ने गुणा, की जवळपास 1 टन कार्बन डायऑक्साइड येतो. पण हा टनभर लगेच हवेत जात नाही. सागाचा दरवाजा शंभर वर्षंही टिकतो. खरं उत्सर्जन मागे राहिलेल्या गोष्टींतून होतं: शेंडा, फांद्या, पडताना मोडलेली शेजारची झाडं, ओढाईच्या वाटा, रस्ते. टिमोथी पिअरसन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये उष्ण कटिबंधातल्या सहा देशांचा हिशेब मांडला. बाहेर काढलेल्या दर घनमीटरमागे 0.99 ते 2.33 टन कार्बन, असं उत्तर आलं. वरचे 280 किलो त्याच्याशी ताडून बघा.

आता योगायोग म्हणा, पण मध्य प्रांताचा पहिला वनसंरक्षकही पिअरसनच होता, कॅप्टन जी. एफ. पिअरसन. प्रांत 1861 मध्ये झाला, पहिला वन कायदा 1865 मध्ये आला आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि सातपुड्यातलं, चांद्याकडचं चांगलं सागवान ठेकेदार संपवत चालले होते. पुढे ज्या कार्य आयोजना तयार झाल्या, त्या याच काळजीतून: कोणत्या वर्षी कोणता कूप तोडायचा, किती घनफूट काढायचं, पुन्हा तिथे कधी यायचं. मुळात तो महसुलाचा कागद. बाहेर आलेल्या मालावर पैसे मिळत, म्हणून बाहेर आलेला मालच मोजला गेला. साग पडताना शेजारचा कोवळा ऐन मोडला, तर तो कोणत्या रकान्यात लिहायचा? तसा रकानाच नव्हता.

पण याच आयोजनांमधले तोडीचे नियम नीट वाचा. (कंटाळवाणे आहेत, मान्य. तरी वाचा.) वेली कापा, झाड जमिनीलगत तोडा, खुंट फाटू देऊ नका. माल बैलांनी ओढायचा. गडचिरोलीकडे हत्तीही होते. कमलापूरच्या हत्ती कॅम्पचं मूळ या ओंडके ओढायच्या कामातच आहे. 1992 मध्ये मलेशियातल्या साबाहमध्ये एका अमेरिकी वीज कंपनीने कार्बन वाचावा म्हणून लाकूड कंपनीला पैसे दिले. कशासाठी? तोडीआधी वेली कापा, झाड ठरवलेल्या दिशेला पाडा, ओढाईच्या वाटा आधी आखा. पिनार्ड आणि पुट्झ यांनी एका वर्षानंतर मोजलं तेव्हा नेहमीच्या तोडीत मूळ जैवभाराच्या 44 टक्केच उरलं होतं, काळजीपूर्वक तोडीत 67 टक्के.

म्हणून लगेच ‘आपल्याकडे हे आधीपासूनच होतं’ असं प्रबंधात लिहू नका. आपले नियम लाकडाच्या भावासाठी आणि खुंटाला फुटवे यावेत म्हणून होते. शिवाय नियम लिहिला म्हणजे कूपमध्ये पाळला गेला, असं होत नाही.

माझ्या मते विदर्भातला मोठा प्रश्न वेगळाच आहे. 1972 मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने मानवनिर्मित वनांवरच्या अंतरिम अहवालात उत्पादन वाढवण्यावर भर दिला. 1974 मध्ये महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ऐन, बिजा, तेंदू असलेलं मिश्र जंगल सरसकट तोडायचं, उरलेला पालापाचोळा आणि काटक्या जाळायच्या आणि सागाची रोपं लावायची, अशी ती पद्धत. अहवालात हे ‘इतके हेक्टर लागवड’ असं दिसतं. कार्बनच्या वहीत मात्र कित्येक दशकांचा साठा एका हंगामात रिकामा होतो आणि रोपवन तो भरायला पुन्हा दशकं घेतं. 1980 चा वन संवर्धन कायदा आणि 1988 चं वननीती धोरण यांनी महसुलाआधी पर्यावरण ठेवलं, पण तोवर बराच भाग बदलून गेला होता.

मग जुन्या नोंदींवरून उत्सर्जन काढायचं कसं? 2014 चे ते गुणक सरळ उचलू नका. ते ओल्या जंगलांतले, यंत्रांनी केलेल्या तोडीचे आहेत. आपल्याकडे सागाला खुंटातून फुटवे येतात, मुळं जिवंत राहतात, त्यामुळे मुळांचा कार्बन उत्सर्जनात धरला तर आकडा फुगतो. तोडीआधीचं जंगल म्हणून आलापल्लीचं वनवैभव घ्यायचा मोहही होईल. 6 हेक्टर, 2014 पासून जैवविविधता वारसा स्थळ. पण राखून ठेवलेला उत्तम तुकडा सरासरी जंगलाचा नमुना होऊ शकत नाही. तिथला साठा मूळ आकडा मानला, तर प्रत्येक कूपचं नुकसान जास्तच दिसेल.

त्यापेक्षा ताज्या कूपमध्ये जा. खुंटाचा व्यास घ्या, शेंडा कुठे पडला ते बघा, त्याखाली काय काय मोडलं ते जात आणि घेरासकट लिहा, ओढाईच्या वाटेची रुंदी मोजा. निदान काही डझन खुंट तरी करा. तो गुणक हाती आला, की मगच डेपोची जुनी वही उघडा.