तीन खडक, तीन कंपन्या: तोएईच्या लाटेची गोष्ट

मंडळी, सिनेमा सुरू होताना स्टुडिओचं बोधचिन्ह येतं, तेव्हा आपण बहुधा खुर्चीत सावरून बसत असतो. ते काही सेकंद कुणी नीट बघत नाही. आज आपण तेच बघणार आहोत.

पडद्यावर खवळलेला समुद्र. तीन खडकांवर लाट आपटते, फेस उडतो आणि त्यातून एक त्रिकोण पुढे येतो. ही जपानच्या तोएई स्टुडिओची ओळख. हे दृश्य चिबा प्रांतात, चोशी शहराजवळच्या इनुबोसाकी इथलं.

आता हा त्रिकोण कशासाठी? तोयोको एइगा, ओइझुमी एइगा आणि तोक्यो एइगा हाइक्यू या तीन कंपन्या 1951 मध्ये एकत्र आल्या आणि तोएई जन्माला आली. हे काही थाटामाटाचं लग्न नव्हतं बरं का! कंपन्या कर्जात बुडालेल्या होत्या आणि सावरायला आलेले अध्यक्ष हिरोशी ओकावा हे तोक्यू रेल्वेकडचे गृहस्थ. म्हणजे त्रिकोणाच्या तीन बाजू या तीन अडचणीतल्या घरांची आठवण आहेत. शोचिकू या जुन्या स्टुडिओकडे फुजी पर्वत होता, अढळ. तोएईच्या वाट्याला आली लाट.

पण ही लाट पुढे मोठी झाली, ती का? युद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात तलवारबाजीच्या चित्रपटांवर निर्बंध होते. सरंजामी वृत्ती पुन्हा डोकं वर काढेल, ही भीती. 1952 मध्ये तो अंमल संपला आणि तोएईने सामुराईपट धडाक्यात काढले. 1954 पासून एका तिकिटात दोन नवे चित्रपट द्यायला सुरुवात केली. 1958 मध्ये जपानात 112 कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. त्याच वर्षी याच स्टुडिओचा ‘हाकुजादेन’ आला, जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट.

मग घरोघरी टीव्ही आला. 1973 पर्यंत तिकिटं 20 कोटींच्याही खाली गेली. त्या वर्षी किंजी फुकासाकूंचा ‘जिंगी नाकी ताताकाई’ आला. युद्धोत्तर हिरोशिमातल्या टोळ्यांची ही कथा. सुरुवातीलाच अणुबॉम्बचा ढग दिसतो, आणि त्याच्याही आधी काय? तीच लाट!

इथे आपण जरा थांबू. लाटेचं चित्रण वेळोवेळी नव्याने झालं, पण कल्पना तीच राहिली. बदललं ते लाटेनंतर येणारं जग: आधी तलवारीचे नायक, मग पोरांसाठी चित्रकथा, मग पराभवातून उगवलेले गुंड. हे सगळं एकाच दारातून आत आलं. आपण इतिहास शोधतो तो कथानकात. पण कंपनी कशी तगली, हे दारावरच्या पाटीवरही लिहिलेलं असतं. वाचायची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागते.