तळटीप : ‘गळ्यापर्यंत पाण्यात राहणारा ब्रॅकिओसॉरस’

लेखकाने इथे त्या काळचे रूढ मत दिले आहे : एवढे धूड जमिनीवर पेलणार नाही, म्हणून ते तळ्यात बुडून राही. पण तेवढ्या खोलीवर पाण्याच्या दाबाने छाती फुगलीच नसती, हे केरमॅक यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले. मग नाकपुड्या थेट डोक्यावर कशाला, असा आक्षेप उरतो. तर कवटीतले भोक वर असले तरी मांसल नाकपुडी पुढे, तोंडाजवळच असावी, असे विटमर यांनी २००१ मध्ये आजच्या प्राण्यांशी ताडून मांडले. शिवाय मानेचे मणके हवेच्या कप्प्यांनी पोखरलेले, पाय खांबासारखे सरळ. म्हणजे भार पेलण्याची सोय हाडांतच होती, आणि असा पोकळ सांगाडा बुडून राहण्यापेक्षा तरंगायलाच बरा. मान किती उंच उचलली जाई, हा वाद मात्र मिटलेला नाही. तिथवर रक्त चढवायला हृदय केवढे लागेल, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.