भरलेल्या वर्गाचे दार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ‘वर्ग भरला’ अशी तक्रार उद्भवायला कारणच नव्हते. लॅटिन, ग्रीक, गणित, तत्त्वज्ञान यांतले काय आणि कोणत्या वर्षी शिकायचे, हे आधीच ठरलेले असे. एकदा महाविद्यालयात प्रवेश मिळाला की वर्गातली जागा आपोआप मिळे. भरलेल्या वर्गाची कहाणी सुरू होते ती विषय निवडण्याच्या स्वातंत्र्यापासून.

ते स्वातंत्र्य आणले चार्ल्स एलियट यांनी. हे रसायनशास्त्रज्ञ १८६९ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. काय शिकायचे ते विद्यार्थ्याने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. सक्तीचे विषय एकेक करून गळत गेले आणि शतक संपता संपता पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाखेरीज फारसे काही सक्तीचे उरले नाही. इतर विद्यापीठांनीही कमीअधिक प्रमाणात हीच वाट धरली. या सुधारणेचे मोल मोठे आहे. पण मुलांना निवड दिली की एका प्राध्यापकाकडे झुंबड उडते आणि दुसऱ्याकडे बाके रिकामी राहतात. प्रश्न विद्यापीठात शिरण्याचा होता, तो आता विद्यापीठाच्या आतही येऊन बसला.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे निभावून गेले. मग २२ जून १९४४ रोजी ‘जी. आय. बिल’ संमत झाले. परतलेल्या सैनिकाची वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी सरकार भरणार आणि वर निर्वाहभत्ताही देणार, अशी ती तरतूद होती. सुमारे २२ लाख माजी सैनिक या कायद्याच्या आधाराने महाविद्यालयांत गेले. १९४७ मध्ये तर महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या बराकी उचलून आणून त्यांत वर्ग भरवले गेले.

एवढ्या गर्दीची नावनोंदणी कचेरीच्या खिडकीवर होणे शक्य नव्हते. म्हणून ती व्यायामशाळेत होऊ लागली. सत्राच्या सुरुवातीला बास्केटबॉलच्या मैदानावर ओळीने टेबले मांडत. प्रत्येक टेबलावर एकेका विभागाची पाटी आणि प्रत्येक वर्गासाठी कार्डांचा एक गठ्ठा. वर्गात ३० जागा असतील तर कार्डेही ३०. कार्ड हातात पडले की जागा आपली. गठ्ठा संपला की वर्ग बंद. आत सोडण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेने किंवा आडनावाच्या आद्याक्षराने ठरे. मागच्या अक्षरांवर दरवेळी अन्याय नको म्हणून काही ठिकाणी तो क्रम सत्रागणिक फिरवत. आत शिरल्यावर मात्र नुसती पळापळ. गणिताचे कार्ड मिळवून इतिहासाच्या टेबलाशी पोचावे तर तो गठ्ठा संपलेला. दुसरी तुकडी मिळते, पण तिची वेळ नेमकी गणितावर आपटते. मग गणिताचे कार्ड परत करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मात्र टेबलामागे माणूस बसलेला असे. पदवीला हाच एक विषय अडला आहे, असे त्याला पटवून देता येई. त्याला पटले तर तो आणखी एक नाव लिहून घेई.

पुढे या कार्डांची जागा आयबीएमच्या भोके पाडलेल्या कार्डांनी घेतली. दुमडू नका, टोचू नका, फाडू नका, अशा अर्थाची सूचना अशा कार्डांवर छापलेली असे. १९६४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे २७,००० विद्यार्थी होते. त्या वर्षी मुक्त अभिव्यक्तीचे आंदोलन पेटले, तेव्हा विद्यार्थ्यांनी हीच कार्डे निषेधाचे चिन्ह म्हणून वापरली. कार्डाला मिळते ती काळजी आम्हालाही द्या, असे त्यांचे म्हणणे होते. आंदोलनाचा मूळ मुद्दा परिसरातल्या राजकीय प्रचारावरच्या बंदीचा होता. पण नावनोंदणीच्या रांगेत माणसाचा आकडा होतो, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी होता, म्हणून ते चिन्ह लगेच पोचले.

१९८० च्या दशकात टेलिफोनची बटणे दाबून नावनोंदणी सुरू झाली. युटामधले ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यात आघाडीवर होते. १९९० च्या दशकात इंटरनेट आले. व्यायामशाळा रिकाम्या झाल्या, तरी जागा तेवढ्याच राहिल्या. उन्हातान्हातली रांग पडद्यामागे गेली इतकेच, आणि गयावया करायला समोर माणूस उरला नाही.

जागांच्या या टंचाईची सर्वांत कठीण परीक्षा कॅलिफोर्नियाच्या सामुदायिक महाविद्यालयांनी दिली. १९६० च्या राज्य आराखड्यानुसार वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशांतले राज्य महाविद्यालयांत, आणि ज्याला शिकायचे आहे त्या प्रत्येकाला सामुदायिक महाविद्यालयात जागा, अशी ही उदार रचना होती. १९८४ पर्यंत तिथे फीही नव्हती. २००८ च्या मंदीनंतर राज्याने पैसा आखडला आणि हजारो तुकड्या बंद झाल्या. प्रवेश सर्वांना खुला, वर्ग मात्र बंद! २०१२ च्या शरद सत्राच्या तोंडावर प्रतीक्षायादीत ४,७०,००० हून अधिक नावे होती.

त्याच वर्षी सांता मोनिका महाविद्यालयाने एक तोडगा काढला. मागणी जास्त असलेल्या विषयांच्या जादा तुकड्या काढायच्या, पण एका क्रेडिटला नेहमीच्या ३६ डॉलरऐवजी सुमारे १८० डॉलर घ्यायचे. ३ एप्रिल २०१२ रोजी विश्वस्तांच्या सभेत विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, तेव्हा परिसरातल्या पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. काही दिवसांतच योजना मागे घेतली गेली. विद्यार्थ्यांचा संताप रास्त होता. सर्वांसाठी उघडलेल्या संस्थेत ऐपतीप्रमाणे वेगळी रांग लावणे, हे तिच्या मुळावरच घाव घालण्यासारखे होते.

श्रीमंत व्यवस्थापन संस्थांनी दुसरी वाट धरली. मिशिगन विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेत विद्यार्थी दिलेले गुण खर्चून विषयांवर बोली लावत. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये चिठ्ठ्यांनी क्रम लागे आणि पुढच्या फेरीत तो उलटा होई. हार्वर्डच्या या पद्धतीचा अभ्यास करून एरिक बुडिश आणि एस्टेल कँटिलॉन या अर्थतज्ज्ञांनी दाखवले, की मुले खरी आवड लपवून गर्दीचा विषय आधी मागतात आणि त्यात सगळ्यांचेच नुकसान होते. बुडिश यांच्याच सिद्धांतावर उभी राहिलेली पद्धत व्हार्टन या व्यवस्थापन संस्थेने २०१३ मध्ये स्वीकारली. प्रत्येकाला जवळपास सारखेच खोटे पैसे दिले जातात आणि विषयांच्या किमती संगणक ठरवतो. हे काम बुद्धीचे आहे आणि न्यायाचेही. पण तेही असलेल्या जागाच वाटते.

सामान्य विद्यार्थ्याचा मार्ग अजून जुनाच आहे. वर्ग भरलेला असला तरी पहिल्या दिवशी जाऊन बसायचे. कॅलिफोर्नियात याला वर्ग ‘क्रॅश’ करणे म्हणतात. कोणी गळाले की प्राध्यापक प्रतीक्षायादीतून नावे घेतात किंवा चिठ्ठ्या टाकतात आणि प्रवेशाचा सांकेतिक क्रमांक देतात. चिकाटीला फळ देणारी ही रीत चांगली वाटते. पण दिवसभर नोकरी करणाऱ्याला किंवा घरी तान्हे मूल असलेल्या बाईला, मिळेल न मिळेल अशा वर्गात दोन आठवडे बसणे कसे परवडावे?

मराठी घरांतून तिकडे गेलेल्या मुलांना याचा आणखी एक काच आहे. एफ-१ व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात आणि त्यांत ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. म्हणजे भरलेला वर्ग हा त्याच्यासाठी देशात राहण्याच्या हक्काचाही प्रश्न होतो.

कॅलिफोर्नियात कोंडी फुटायला सुरुवात झाली ती कोणत्याही प्रणालीने नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव ३०’ मंजूर करून स्वतःवर जादा कर लावून घेतला आणि त्या पैशातून महाविद्यालयांनी बंद तुकड्या पुन्हा उघडायला घेतल्या.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची निवड आता महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही आली आहे. विषयांची लांबलचक यादी लावणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने त्याच फलकावर दोन रकाने आणखी द्यावेत: तुकड्या किती आणि शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या दिवशीच ते मागून घ्यावेत.