धोबीतलाव आणि आंटीचे अड्डे

दक्षिण मुंबईतील धोबीतलाव परिसरात गोवेकर ख्रिस्ती, पारशी आणि इराणी अशा अनेक स्थलांतरितांची वस्ती वाढत गेली. गोव्याहून येणाऱ्या खलाशी, आचारी व वादकांसाठी गावागावांनी येथे ‘कूड’ म्हणजे सामाईक निवासस्थाने उभारली. जहाजावर काम मिळेपर्यंत तेथे पेटी ठेवावी, सतरंजी अंथरावी आणि संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला हजर राहावे, असा शिरस्ता होता. घरापासून दूर राहणाऱ्या या पुरुषांच्या वस्तीत मद्यपानाच्या जागा निर्माण होणे स्वाभाविकच होते आणि आरंभी ती गरज परवानाधारक पिठ्यांनी, म्हणजे देशी दारूच्या गुत्त्यांनी भागवली.

1939 मधील दारूबंदीच्या अल्पजीवी प्रयोगानंतर 1949 च्या कायद्यान्वये मुंबई राज्यात 1950 पासून संपूर्ण दारूबंदी आली. मात्र प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय दाखल्यावर परवाना मिळवण्याची सोय या कायद्यात होती आणि ती व्यवहारात सधनांच्याच उपयोगी पडली, ही त्यातील मोठी विषमता होय. कष्टकऱ्याला उरला तो ‘आंटीचा अड्डा’, म्हणजे बहुधा गोवेकर किंवा ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळ ख्रिस्ती समाज) बाईने आपल्या राहत्या खोलीत चालवलेला चोरटा गुत्ता. भिंतीवर क्रूस, खाली बाकडे, पुढ्यात उकडलेले अंडे किंवा चणे आणि ‘नवटाक’, म्हणजे शेराच्या आठव्या भागाचे माप, एवढ्यावर हा व्यवहार चाले. काळा गूळ व नवसागर आंबवून हातभट्टीवर गाळलेली दारू रबरी ट्यूबमध्ये भरून शहरात आणली जाई. तिची शुद्धता तपासणारी यंत्रणाच नसल्याने विषबाधेचे भय कायम असे, आणि त्याची किंमत गिऱ्हाईकाला कधी दृष्टीने, तर कधी प्राणाने मोजावी लागे. याउलट छाप्याची टांगती तलवार आणि हप्त्याचा बोजा अड्डेवालीच्या माथी असे, तरीही पदरी मुले असलेल्या कित्येक बायकांनी याच मिळकतीवर शाळेची फी भरली. त्यांना केवळ गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत निर्बंध सैल होत गेले, परमिट रूम म्हणजे परवानाधारकांना मद्य पुरवणारी दालने वाढली आणि 1970 च्या दशकात देशी दारूची अधिकृत दुकाने आली. त्यासाठी लागणारे भांडवल आणि रस्त्यावरचा गाळा खोलीत धंदा करणाऱ्या बाईजवळ क्वचितच असल्याने, बंदी शिथिल होत गेली तसे अड्डे ओस पडत गेले आणि हा व्यवसाय हॉटेलमालकांच्या हाती गेला.