जिल्ह्याच्या हाती कारभार : वसंतराव नाईक यांची हकीकत



आपल्या गावच्या शाळेच्या दारावरची पाटी तुम्ही रोज पाहता. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ असे तिच्यावर लिहिलेले असते. गुरुजींच्या नेमणुकीचा हुकूम निघतो तो जिल्हा परिषदेतून. आरोग्य केंद्राची भिंत खचली, गावाच्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली, तर गावकऱ्यांचे पाय वळतात तेही तिकडेच. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की जिल्हा परिषद जणू काही पहिल्यापासूनच होती, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. आपल्या राज्यात तिचा कारभार सुरू झाला तो १ मे १९६२ रोजी. तो कसा सुरू व्हावा, कोणाच्या हाती काय असावे, याचा आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला ते वसंतराव नाईक. त्यांची हकीकत आज आपण पाहणार आहोत.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी गहुली या खेड्यात झाला. हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात आहे. घराणे बंजारा समाजातले, मूळ आडनाव राठोड. बंजारे म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे व्यापारी. पुढे आगगाडी आली, सडका झाल्या आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार बसला. पुष्कळ तांडे जमीन कसून एका जागी स्थिरावले. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी पुढाकार घेऊन गहुली वसवली. तांड्याच्या पुढाऱ्याला नाईक म्हणतात. तेच नाव घराण्याला कायमचे चिकटले.

घरची शेती होती, खाण्यापिण्याची ददात नव्हती. तरी शिक्षण काही एका जागी झाले नाही. पोहरादेवी, उमरी, भोजला, बान्सी अशा आसपासच्या गावांच्या शाळांतून पोराने प्राथमिक इयत्ता पुऱ्या केल्या. एका मुलाला चौथीपर्यंत पोहोचायला किती गावे पालथी घालावी लागत, याचा हा नमुना. शितावरून भाताची परीक्षा करावी. पुढे नागपूरला मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये ते बी. ए. झाले आणि १९४० मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीस आरंभ केला आणि मग पुसदला स्वतःची वकिली थाटली. १९४१ मध्ये वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह जातीबाहेरचा होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

१९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्या जागी राहिले. आता नगरपालिकेचा अध्यक्ष म्हणजे काय, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला सांगायला नको. नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, दिवा लागला नाही, की माणूस सकाळी दारात उभा. त्याला ‘वर कळवतो’ एवढ्यावर वाटेला लावता येत नाही. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यायचे तो हाकेच्या अंतरावर असावा आणि काम करण्याची सत्ताही त्याच्याच हातात असावी, हा लोकशाहीचा पहिला धडा असा दारातच मिळतो.

१९५२ च्या निवडणुकीत ते आमदार झाले. त्या वेळी विदर्भ हा मध्य प्रदेश राज्याचा भाग होता आणि राजधानी नागपूरला होती. तेथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आधी सहकार आणि मग शेती ही खाती आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्या वेळी ते महसूलमंत्री झाले.

नवे राज्य झाले खरे, पण त्यात तीन घरची तीन भांडी एकत्र आली होती. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड आणि शाळांसाठी वेगळे स्कूल बोर्ड. विदर्भात तालुक्याच्या पातळीवर जनपद सभा. मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या वेळची व्यवस्था. एका राज्यात तीन तऱ्हेचा स्थानिक कारभार फार दिवस चालणे शक्य नव्हते. शिवाय १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने, विकासाची कामे लोकांनी निवडलेल्या संस्थांच्या हाती द्यावीत, अशी शिफारस देशापुढे ठेवली होती. म्हणून सरकारने जून १९६० मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने १५ मार्च १९६१ रोजी आपला अहवाल दिला.

या अहवालातल्या तीन गोष्टी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट. मेहता समितीने मुख्य भर गटावर, म्हणजे साधारण तालुक्याएवढ्या भागावर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर दिला. गट हा इंजिनियर, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ अशी जाणती माणसे बाळगायला आणि कामाचा पैसा उभा करायला अपुरा पडतो. जिल्हा तेवढा भार पेलू शकतो. म्हणून खाली ग्रामपंचायत, मध्ये पंचायत समिती आणि वर सर्वांत बळकट अशी जिल्हा परिषद, ही उतरंड ठरली.

दुसरी गोष्ट. जिल्ह्याचा सर्वाधिकारी म्हणजे कलेक्टर, ही इंग्रजांच्या वेळेपासूनची समजूत. समितीने कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवले. परिषदेसाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला आणि धोरण ठरवण्याचे काम निवडून आलेल्या सदस्यांकडे सोपवले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. आमदार आणि खासदार यांना या संस्थांत सदस्यत्व असू नये, असे समितीने सांगितले. गंमत पाहा, हे सांगणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः आमदार होते, मंत्री होते. तुम्ही म्हणाल, यात एवढे काय? अहो, वडाच्या झाडाखाली दुसरे रोप वाढत नाही. आमदार सभेत बसला म्हणजे नवा सदस्य आधी त्याच्या तोंडाकडे बघणार आणि मग हात वर करणार. खेड्यातल्या माणसाला कारभार शिकायचा असेल, तर चुकायला आणि सुधारायला त्याला मोकळी जागा हवी. ती जागा आपल्याच बरोबरीच्या लोकांनी अडवू नये, अशी ही तरतूद होती. हाती आलेली सत्ता खाली देणे किती अवघड असते, हे भाऊबंदकीची वाटणी पाहिलेल्या कोणालाही कळेल.

या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला. यशवंतराव मुख्यमंत्री होते आणि त्यांचा पाठिंबा नसता तर हे झाले नसते, हेही सांगितले पाहिजे. मुंबई वगळता त्या वेळच्या पंचवीस जिल्ह्यांत परिषदा उभ्या राहिल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या आणि, गुरुजनहो, तुम्ही जिल्ह्याचे झालात.

पुढे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६३ मध्ये वारले. ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले.

त्या काळात धान्याची चणचण फार होती. १९६५ मध्ये पुण्याला शनिवारवाड्यासमोरच्या सभेत त्यांनी सांगितले की, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. मग संकरित ज्वारीचा प्रसार झाला. ‘हायब्रीड’ची भाकरी म्हाताऱ्याकोताऱ्यांना रुचली नाही, पण कणगीत दाणे पडले. १९६८ मध्ये राहुरीला, १९६९ मध्ये अकोल्याला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे झाली. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. ज्यांच्या हाताखाली वकिली शिकली, त्यांचे नाव शेतीच्या विद्यामंदिरावर लागले.

पण शनिवारवाड्यावरचा शब्द पुरा झाला का? खरे बोलावे तर नाही झाला. १९७० पासून पावसाने लागोपाठ ओढ दिली आणि १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आपल्या लोकांना खावी लागली. जुन्या माणसांना ती चव आठवते, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडीही आठवते. निसर्गापुढे भाषण चालत नाही, हे त्या वर्षांनी शिकवले. परंतु लोक वाऱ्यावर सोडले गेले नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांच्या कामावर होती. मागेल त्याला काम, ही वि. स. पागे यांची कल्पना १९६५ पासून तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात अजमावली जात होती. तिला याच काळात राज्यभर रूप आले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

वसंतरावांच्या कारकिर्दीत उणेही होते. त्यांच्याच काळात १९७० मध्ये बोंगिरवार समिती नेमून जिल्हा परिषदांची तपासणी झाली. आपल्या कामाची परीक्षा दुसऱ्याकडून करवून घेणे ही चांगली रीत. पण १९७४ च्या सुमारास जिल्ह्याच्या नियोजनासाठी मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी मंडळे झाली. दिलेल्या किल्ल्यांतली एक किल्ली परत वर गेली, असे म्हणणे भाग आहे. पुढेही हे चालू राहिले. १९९३ पासून राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने या संस्थांना घटनेचा आधार मिळाला, तरीही २०२२ नंतर आपल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार निवडणुकीविना काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. शाळा चालल्या, पगार झाले. मात्र गाऱ्हाणे घेऊन जायचे तर आपण निवडलेला माणूस तेथे नव्हता. पुसदच्या दारातला तो पहिला धडा येथे आठवतो.

१९७७ मध्ये वसंतराव वाशिममधून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे देहावसान झाले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. गुरुजनहो, त्या दिवशी शाळेत झाडे लावाल, फोटोला हार घालाल, ते योग्यच आहे. पण आणखी एक करा. मुलांना शाळेच्या पाटीपाशी न्या आणि विचारा, ही शाळा कोणाची? पोरे म्हणतील, सरकारची. कोणी म्हणेल, गुरुजींची. मग त्यांना जिल्हा परिषदेचा अर्थ सांगा, आपल्या गटातून तेथे कोण निवडून गेले आहे ते विचारा आणि घरी जाऊन आईबापांनाही विचारायला सांगा. ज्या घरात उत्तर मिळणार नाही, तेथे निदान प्रश्न तरी पोहोचेल.