रोग्याचें गुपित

पनवेल म्हटलें कीं औषधाची आठवण होते. कृष्णशास्त्री पुराणिक यांच्या धूतपापेश्वर कारखान्याचा उगम १८७२ सालीं याच गांवीं झाला, आणि त्याच्या आसवारिष्टांनीं महाराष्ट्रांतल्या घराघरांत स्थान मिळविलें. ज्या चरकसंहितेच्या आधारें आमचे वैद्य शिकत आले, तिच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत गुरूनें शिष्यास घालावयाच्या अटी दिल्या आहेत. रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर बोलूं नयेत, ही त्यांतलीच एक. रोग्याचें आयुष्य सरत आलें आहे असें कळलें, तरी तें सांगितल्यानें त्यास किंवा आप्तांस धक्का बसेल तेथें सांगूं नये, अशीहि आज्ञा आहे. आमच्या पदवीधरांस हिपोक्रेटिसची शपथ ठाऊक असते. ही घरची अट मात्र बहुधा कोणी वाचलेली नसते.

वैद्य रोग्याच्या घरीं येत असे तोंवर ही अट पाळणें एका माणसाच्या जिभेवर अवलंबून होतें. इस्पितळ आलें आणि तो हिशेब बदलला. आतां रोगी परक्या इमारतींत जातो. दारावरचा शिपाई, नोंदवहींत नांव लिहिणारा कारकून, परिचारिका, शेजारच्या खाटेवरचा माणूस आणि त्यास भेटावयास आलेलें गणगोत, इतक्यांच्या देखत त्याचा रोग उघडा पडतो. डॉक्टरनें तोंड मिटलें तरी इमारत बोलते. आणि महारोग्यांच्या आश्रमाइतकी मोठ्यानें बोलणारी इमारत दुसरी नाहीं.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकारानें १८९० सालीं माटुंग्यास निराधार महारोग्यांसाठीं आश्रम निघाला. मराठी वाचकांस हें नांव निराळ्या कारणानें परिचित असावें. शाळिग्राम यांच्या साहाय्यानें ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ ते हेच. शाहिरांचे शब्द जपणाऱ्या या गृहस्थानें रस्त्यावर पडलेल्या माणसांस छप्पर दिलें, याबद्दल आम्हांस आदरच वाटतो. परंतु छपराबरोबर शिक्काहि आला. १८९८ च्या महारोग्यांविषयींच्या कायद्यानें, तो जेथें लागू केला जाई तेथें, भीक मागणाऱ्या महारोग्यास पोलिसांनीं वॉरंटावांचून पकडावें आणि आश्रमांत धाडावें अशी तजवीज झाली. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास आणि विक्रीसाठीं अन्न तयार करण्यास बंदी करण्याचा अधिकारहि सरकारनें घेतला. रोग ही आतां रोग्याची खासगी बाब उरली नाहीं. ती ठाण्याची बाब झाली.

अशा वेळीं लोक काय करतात तें प्लेगनें नुकतेंच दाखवून दिलें होतें. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मांडवी भागांत ती सांथ ओळखली. पुढच्याच महिन्यांत गिरणी-कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला, घराघरांची झडती सुरू झाली, आणि लोकांनीं आपले आजारी लपविण्यास आरंभ केला. पुण्यांत याच झडत्यांच्या संतापाचें पर्यवसान रँड साहेबाच्या खुनांत झालें. रोग लपविणाऱ्यास अडाणी म्हणणें सोपें आहे. पण जो सांपडला तो घरादारास मुकला, असें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्यानें दुसरें काय करावें?

आतां पुन्हां पनवेलकडे वळूं. तालुक्यांतील नेरें गांवाजवळ विसाव्या शतकाच्या मध्यास कुष्ठरोग निवारण समितीचें शांतिवन उभें राहिलें. नांवांत रोगाचा उच्चार नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तथापि ज्या संस्थेंत एकाच रोगाचीं माणसें राहतात, तिचें नांव कितीहि सौम्य ठेवा, पंचक्रोशीस अर्थ कळतोच. तेथून लिहिलेल्या कार्डावरचा पत्ता हेंच निदान. आणि त्या निदानाची किंमत केवढी होती! १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें असाध्य कुष्ठ हें काडीमोडाचें कारण मानलें होतें. तें कलम २०१९ सालीं गाळण्यांत आलें. म्हणजे साठांहून अधिक वर्षें डॉक्टरचा एक कागद संसार मोडावयास उपयोगीं पडूं शकत होता.

या कोंडींतून रोग्यास सोडविलें तें कायद्यानें नव्हे, गोळ्यांनीं. १९८१ नंतर अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. सहा महिने अगर वर्षभर औषध घेतलें कीं रोग बरा होतो, आणि उपचार सुरू होतांच संसर्गाची भीति झपाट्यानें ओसरते. आश्रमांत जाण्याचें कारणच उरलें नाहीं. माणूस घरीं राहून, कामावर जाऊन बरा होऊं लागला. शेजाऱ्यास कळूं न देणें हें इतिहासांत प्रथमच शक्य झालें. शांतिवनांतहि पुढें वृद्धाश्रम आणि निसर्गोपचार केंद्र आलें, त्यामुळें तेथला पत्ता पूर्वींसारखा बोलत नाहीं.

कायद्याची चाल मात्र संथच. १७७६ सालीं किंग्स्टनच्या डचेसच्या खटल्यांत लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं शस्त्रवैद्य हॉकिन्स यांस, गुपिताची सबब कोर्टांत चालणार नाहीं, असें बजावलें. आमच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलास संरक्षण दिलें, डॉक्टरास दिलें नाहीं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतहि तीच स्थिति आहे. वकिलापाशीं कबूल केलेला गुन्हा सुरक्षित, आणि डॉक्टरापाशीं सांगितलेला आजार मात्र उघडा, हा न्याय आम्हांस विचित्र वाटतो.

येथें दुसरी बाजू नाहीं असें मात्र नव्हे. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका एच्. आय्. व्ही. बाधित तरुणाची तक्रार आली. इस्पितळानें रोग उघड केल्यामुळें त्याचें ठरलेलें लग्न मोडलें होतें. वधूच्या आरोग्याचा हक्क वरचढ आहे, असें न्यायालयानें ठरविलें. वधूस कळावयास हवें होतें, हें आम्हांस मान्य आहे. पण तिला कळणें निराळें आणि समाजानें त्या तरुणास वाळींत टाकणें निराळें. हा भेद पुढें २०१७ च्या एच्. आय्. व्ही. विषयक कायद्यानें ओळखला. जोडीदारास डॉक्टरनें कोणत्या परिस्थितींत सांगावें तें त्यानें नेमून दिलें, आणि इतरांपुढें तोंड बंद ठेवण्याचें बंधन घातलें. मनोरुग्णांसहि त्याच वर्षीं तसें संरक्षण मिळालें.

कुष्ठरोग्याच्या गुपितासाठीं असा खास कायदा झालेला नाहीं. १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला एवढेंच. गोळ्या आतां साध्या सरकारी दवाखान्यांत मिळतात. तेथील रांगेंत उभ्या असलेल्या बाईचें नांव आणि तिचा रोग हीं दोन्हीं एका दमांत पुकारलीं जाऊं नयेत, यासाठीं अजूनहि खिडकीमागच्या माणसाच्या जिभेवरच विसंबावें लागतें.